गणेशपट्टीवरची काजळी

देवळाच्या रंगाचं कोटेशन द्यायला गेलो की भिंतींकडे मी नंतर बघतो, आधी मान वर करतो. छत किती काळं, कुठे काळं आणि कसलं काळं, यावर माझा अर्धा हिशेब ठरतो. आमचा धंदा रंगकामाचा. बाबांनी कळव्यात सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. फ्लॅट, जिने, कधी एखादी शाळा, आणि नवरात्राच्या आधी देवळं. ठाण्यात, त्यातही घोडबंदर रोडला, नवीन कॉम्प्लेक्स उभं राहिलं की क्लबहाउसच्या शेजारी नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात देऊळ येतंच. काम वाढतंय, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. घरातला चांगला प्लॅस्टिक पेंट सहा-सात वर्षं सहज काढतो. तोच रंग, तीच पुट्टी, तेच कारागीर, आणि बंद देवळात दुसऱ्या दिवाळीपर्यंत भिंती तपकिरी पडतात. कमिटीतल्या काकांचा फोन येतो, "अहो, रंग हलका मारलात तुम्ही." रंग हलका नसतो. जे काही चढलंय ते रंगाच्या वर चढलंय. बोट फिरवून बघा, बोट काळं होईल आणि चिकटही. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून दोन-तीनदा पुसावं लागतं, मग ऑइल प्रायमरचा एक हात, आणि मगच रंग. हे टाळून वरच्या वर रंग मारणारेही आहेत. त्यांचे डाग पावसाळ्याच्या आत परत वर येतात, नाहीतर पोपडे सुटतात.

माझी आजी एरंडेलाच्या दिव्यावर ताटली उपडी धरून काजळ पाडायची. देवळाचं छत म्हणजे तीच ताटली, फक्त खरवडायला आम्हाला बोलावतात.

धूर कुठून आला, कुठे अडला आणि कुठून सटकला, हे त्या काजळीत सगळं दिसतं. बघण्यासारखी जागा म्हणजे गाभाऱ्याच्या दारावरची गणेशपट्टी. गाभाऱ्याला खिडकी नसते, दार एकच. समईचा आणि कापराचा गरम धूर वर चढतो, छताला लागून पसरतो, मग थर जाड होत होत खाली उतरतो. दाराच्या वरच्या कडेला पोचला की तिथून बाहेर पडतो. त्याची जागा घ्यायला दाराच्या खालच्या भागातून गार हवा आत येते. एकच दार, वरून बाहेर आणि खालून आत. म्हणून गणेशपट्टीवरचा गणपती काळा असतो आणि उंबऱ्याजवळची चौकट स्वच्छ. बायका शेंदूर लावून लावून त्याला लाल ठेवतात, पण मागचा दगड बघा.

काळी गणेशपट्टी दिसली की मला बरं वाटतं. धुराला वाट आहे, असा त्याचा अर्थ. हवा कुठे जाते ते नीट बघायला मोठ्या कंपन्यांकडे यंत्रं असतात, माझं यंत्र म्हणजे एक पेटती उदबत्ती. दाराच्या वरच्या कोपऱ्यात धरायची, धूर कुठे वळतो बघायचं. मग पायाशी धरायची. मग खिडकीच्या फटीशी. कमिटीतल्या लोकांना वाटतं मी कामाच्या आधी पूजा करतोय. त्यांचा तो समज मी मोडत नाही.

आता त्या देवळाबद्दल, ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो. घोडबंदर रोडवरचं एक मोठं कॉम्प्लेक्स, आत गणपतीचं देऊळ. नाव सांगत नाही, माणसं चांगली आहेत. बांधलं तेव्हा सभामंडप तीन बाजूंनी उघडा होता. मग कबुतरं आली. ठाण्यात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. आधी जाळी लागली. जाळीतून पावसाची झड यायची, संगमरवर निसरडा व्हायचा, एक आजी पडल्या, म्हणून काचेची सरकती दारं आली. काचेमुळे उन्हाळ्यात भजनी मंडळ घामाघूम, म्हणून दोन स्प्लिट एसी. एसीची थंडी वर जाऊ नये म्हणून पीओपीचं फॉल्स सीलिंग, मधोमध कमळ. शेजारच्या विंगला घंटेचा त्रास होतो म्हणून दारं कायम ओढलेली. एकेक निर्णय घेतला तेव्हा बरोबरच होता, कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही. सगळे मिळून मात्र एक बंद खोका तयार झाला, आणि त्यात पहाटे साडेपाचपासून रात्री साडेनऊपर्यंत सतत काही ना काही जळत असतं.

"पण एसी आहे ना," हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी ऐकतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत खोलीत सोडतो. त्याची जाळी मोठी धूळ आणि केस अडवते, उदबत्तीचा धूर तिच्यातून आरामात पलीकडे जातो. जो थोडा अडकतो तो कॉइलवर तेलकट थर होऊन बसतो. त्या देवळातला एसीवाला मला जिन्याखाली भेटला, फिल्टर धुवत होता. "हॉटेलच्या भटारखान्यातला एसी परवडला," म्हणाला. एसीच्या झोतापुढचा भिंतीचा पट्टा सगळ्यात काळा होता. काजळी गार जागेवर आधी बसते, आणि झोताबरोबर तिथे येतेही जास्त.

धुराचं सोडा, श्वासाचंच बघा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो, आपण सोडतो त्या श्वासात सुमारे चाळीस हजार. संकष्टीला शंभर माणसं टाळ्या वाजवत तारस्वरात आरत्या म्हणतात, दारं बंद, तेव्हा प्रत्येकजण शेजाऱ्याने सोडलेलीच हवा परत आत घेत असतो. डोकं जड होतं, जांभया येतात. लोक त्याला उपासाचा थकवा म्हणतात. १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली देवळं उघडली तेव्हा सॅनिटायझर आले, जमिनीवर गोल आखले गेले (ते आखायचं काम आम्हालाही मिळालं), घंटा कापडात गुंडाळल्या. खिडकी उघडा असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅगिट काउंटीत एका चर्चच्या हॉलमध्ये गायनवृंदाची तालीम झाली होती. ६१ जण होते, त्यातले ५३ जण आजारी पडले, दोघे गेले. मोठ्याने गाताना तोंडातून किती बारीक थेंब हवेत जातात ते तेव्हा जगाला कळलं. आपण आरती म्हणजे गाणं धरतच नाही बहुतेक.

पण या खोक्यात सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? दर्शनाला येणारा पाच मिनिटं थांबतो, भजनाच्या काकू दीड तास. गुरुजी दिवसभर. ते मूळचे परभणीकडचे, देवळामागच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहतात. त्या खोलीची एकमेव खिडकी सभामंडपात उघडते. आम्ही परांची बांधत होतो तेव्हा ते खोकत होते, आणि तो खोकला सर्दीचा नव्हता.

"गुरुजी, दाखवलंत का कुणाला?"

"दाखवलं ना दादा. डॉक्टर विचारतात, सिगारेट किती ओढता? आता काय सांगू!"

ते हसले, मी पण हसलो. मग घरी येऊन वाचत बसलो. एक ग्रॅम उदबत्ती जळली की त्यातून ४५ मिलिग्रॅमच्या आसपास बारीक कण हवेत जातात, सिगारेटच्या एका ग्रॅमातून साधारण १०. सिगारेट ओढणारा झुरका थेट छातीत घेतो, उदबत्तीचा धूर खोलीभर पसरून येतो, त्यामुळे दोन्ही सारखेच असं म्हणणं चूक होईल. पण डॉक्टरांचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता.

हे कण इतके बारीक असतात की नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचवीस-तिसाव्या हिश्शाएवढे. बाहेरच्या हवेसाठी आपल्याकडे दिवसाची सरासरी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची शिफारस १५ वर आणली. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी २००४ च्या सुमारास चर्चमधली हवा मोजली तर मेणबत्त्या आणि धूपामुळे ती रहदारीच्या रस्त्यापेक्षा कितीतरी वाईट निघाली. सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या ६१ हजारांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात दीर्घकाळ धूप जाळणाऱ्यांमध्ये नाक-घशाकडच्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त आढळलं. रोज एक काडी लावणाऱ्या माझ्या आईला मी हे सांगितलं नाही. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी चोवीस तास उघडी असते, आणि सांगून तिने ऐकलं असतं असंही नाही.

उदबत्तीत असतं काय? बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट, आणि मग सुवास. स्वस्त काडीत तो सुवास पातळ करायला डायइथाइल थॅलेट नावाचं तेलकट रसायन वापरतात. भिंतीवरच्या चिकटपणाला दिव्याच्या तेलाबरोबर तेही हातभार लावत असणार, असा माझा अंदाज आहे. आणि कापूर! बाजारात वड्यांचा मिळतो तो बहुतेक सगळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. हो, टर्पेंटाइन, आम्हा रंगवाल्यांच्या ओळखीचं नाव. त्यातून वेगळं रसायन तयार होतं, मान्य, पण जळताना काळा धूर सोडण्यात तो कुठेच कमी पडत नाही. आरतीच्या तबकाची बूड बघा.

गायीच्या तुपाचा दिवा लावला की ऑक्सिजन तयार होतो, हा फॉरवर्ड कमिटीच्या ग्रुपवर दर श्रावणात येतो. ज्योत ऑक्सिजन खाते, तयार करत नाही. दिव्यावर काचेचा पेला पालथा घातला की दिवा विझतो, हे तिसरीतलं पोरसुद्धा दाखवेल. असं म्हटलं की ग्रुपवर मी नास्तिक ठरतो. मी नास्तिक नाही. दर मंगळवारी देवळात जातो आणि तिथल्या वासाने मलाही बरं वाटतं. चंदन, झेंडू, ओला नारळ, तूप, त्यात घंटेचा पितळी वास. फक्त वास येण्यापुरता धूर वेगळा आणि डोळे चुरचुरण्याइतका वेगळा.

जुन्या बांधणाऱ्यांना हे कळत होतं का, मला सांगता येणार नाही, पण त्यांच्या बांधकामात ते दिसतं. आपल्या गावाकडच्या देवळात दीपमाळ कुठे असते? बाहेर, आवारात. त्रिपुरी पौर्णिमेला शेकडो दिवे लागतात ते उघड्यावर. सभामंडप खांबांचा, भिंतीविना. गाभारा अंधारा आणि बंद, पण तिथे एक नंदादीप, फार तर दोन समया. घरटी पुडा-पुडा उदबत्ती पेटवून आत खोचायची सोय त्या काळी नव्हतीच. अंबरनाथचं शिवमंदिर बघा, शिलाहारांचं, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे तिथे. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं, आणि वर बघितलं तर आभाळ. शिखर पुरं झालं नाही की पडलं यावर जाणकार भांडोत बापडे, पण धुराच्या बाबतीत ठाणे जिल्ह्यातला सगळ्यात मोकळा गाभारा तोच. महाशिवरात्रीला एवढी गर्दी असते, छत काळं होण्याचा प्रश्नच नाही, छतच नाही.

बऱ्याच चर्चच्या आवारात मेणबत्त्या बाहेर क्रूसापाशी लावतात, पत्र्याच्या मोठ्या ट्रेमध्ये. आम्ही एका चर्चचं काम केलं होतं, आतल्या भिंती फक्त पुसून घेतल्या आणि रंग बसला. दर्ग्यात लोबानाचा धूर दाट असतो, पण तो फिरवतात आणि निघून जातो, दिवसभर एका जागी धुमसत नाही. तैवानमध्ये तैपेईचं शिंगत्येन मंदिर तर शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या देवळांपैकी एक. त्यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये धूप जाळणंच बंद केलं, भांडी उचलून टाकली. लोकांनी हात जोडायचे, एवढंच. गर्दी चालूच राहिली. आपल्याकडे असं काही सुचवायची माझी हिंमत नाही, आणि खरं तर इच्छाही नाही. उदबत्ती राहू दे, फक्त धुराला बाहेरची वाट दाखवा.

तर कमिटीची मीटिंग. कोटेशन काढायला मी जातो ते खजिनदार काकांकडे, पण या वेळी सगळ्यांना बोलावलं आणि फॉल्स सीलिंगचा एक चौकोन काढून आतली बाजू दाखवली. वरचा मूळ स्लॅब काळा कुळकुळीत, वायरिंगवर काजळीच्या जाळ्या. सगळे गप्प झाले. एक काकू म्हणाल्या, "म्हणजे हे आमच्या छातीत पण?" मी म्हटलं, काकू, छातीचं डॉक्टर सांगतील, मी भिंतीचं सांगतो.

वागळे इस्टेटच्या शेडवर वाऱ्याने गरगर फिरणारे गोल पंखे असतात ना, वीज लागत नाही, आतली गरम हवा वर ओढून घेतात, तसला एक स्लॅबला भोक पाडून बसवा, असं मी सुचवलं. शिखराशेजारी? कळसाच्या बाजूला गिरणीचा पंखा? तो विषय तिथेच संपला. चेअरमन म्हणाले एक्झॉस्ट लावू, मोठा लावू. मोठ्याने काही होत नाही, आत हवा यायला जागा नसेल तर पंखा नुसता फिरतो आणि लाइट बिल येतं. शिवाय गाभाऱ्यात जोराचा पंखा म्हणजे ज्योत फडफडणार, आणि फडफडणारी ज्योत स्थिर ज्योतीपेक्षा जास्त काजळी सोडते. मंडपातला सीलिंग फॅन समईच्या डोक्यावर होता, तोच आधी सरकवायला लावला.

शेवटी ठरलं ते असं. फॉल्स सीलिंग गेलं, कमळासकट. मागच्या भिंतीत छतालगत लांबट झरोके फोडले, त्यांना बारीक जाळी, एका झरोक्यात हळू चालणारा एक्झॉस्ट. काचेच्या दारांच्या खालच्या भागात लाकडी पट्ट्यांच्या झडपा, हवा आत यायला. झरोके मागच्या बाजूला, बागेकडे, कारण पुढे घोडबंदर रोड आहे आणि तिथले ट्रक, सिमेंटची धूळ आत घ्यायची म्हणजे आगीतून फुफाट्यात. हिवाळ्यात बाहेरची हवाही काही ओवाळून टाकावी अशी नसते, हे मला मान्य आहे. पण बाहेर धूळ आहे म्हणून आत धूर कोंडायचा, हा हिशेब मला जमत नाही. उदबत्तीची वाळूची परात मंडपाबाहेर तुळशीजवळ गेली. नंदादीपाला काचेची चिमणी आली, वात कापून बारीक ठेवायचं गुरुजींनी स्वतःहून सुरू केलं. कापूर मात्र आतच, गाभाऱ्यासमोर. त्यावर कुणी तडजोड करायला तयार नव्हतं, मीही ताणलं नाही. भजन आणि आरतीच्या वेळी दोन दारं उघडी, एसी बंद. शेजारच्या विंगमधून घंटेबद्दल एक ईमेल आलाय, त्याचं काय करायचं ते चाललंय.

गुरुजींच्या खोलीचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मागच्या भिंतीला झरोके फोडतच होतो, तर त्यांच्या खोलीलाही बाहेर उघडणारी खिडकी काढा असं मी म्हटलं. खर्च किती, परवानगी कुणाची, बाहेरून कशी दिसेल, यावर रंगापेक्षा जास्त चर्चा झाली. खिडकी झाली. मंडपाकडची जुनी खिडकी विटांनी बंद केली, तिचं प्लास्टर आमच्याच माणसाने फुकट केलं. खोकला कमी आहे असं वहिनी म्हणतात. गुरुजी म्हणतात तसाच आहे. छातीच्या डॉक्टरांकडे जायचं अजून बाकी आहे, कमिटीने पैसे देऊ केलेत, पण गणपतीच्या आधी त्यांना सवड नाही आणि गणपतीनंतर नवरात्र.

खजिनदार काकांनी परवा विचारलं, आता रंग किती वर्षं टिकेल? मी म्हटलं, चार तरी. ते म्हणाले, मग या वर्षीच्या बिलात सूट द्या, पुढची तीन वर्षं तुम्हाला काम नाही म्हणून आत्ताच सगळं वसूल करू नका. यात कुठलं गणित आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण पाच टक्के सोडले.

तुमच्या सोसायटीत असं काही करायचं असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या, झरोक्यांच्या जाळ्या कोण धुणार. चार-पाच महिन्यांत त्या काजळीने आणि कबुतरांच्या पिसांनी बुजतात आणि मग झरोका असून नसल्यासारखा. शिडी हवी, सोड्याचं पाणी हवं, ताठ केसांचा ब्रश हवा. हाउसकीपिंगवाल्यांच्या करारात ते लिहून घ्या, तोंडी सांगून होत नाही.